साळवे सरांचे नापास कप

साळवे सरांचा चहाचा कप पहिल्यांदा बघणारा माणूस आधी कपाकडे बघायचा, मग सरांकडे, आणि मग पुन्हा कपाकडे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या कपाला दोन कान होते आणि बुडाशी एक जाडजूड लोखंडी नट बसवलेला होता. सरांनी तो टेबलावर ठेवला की शाळा सुटल्यासारखा टोला पडायचा. महिन्याभराने तो गेला आणि किटलीसारखी चोच असलेला दुसरा आला. त्यानंतरचा एका कडीत टांगलेला होता. कडी कितीही हलवा, कप सरळ राहणार, अशी योजना होती. तो घेऊन सर कँटीनमधून चालले की हातात कंदील घेऊन कुणाला तरी शोधायला निघाल्यासारखे दिसायचे.

कँटीनवाले बन्सीलाल दर वेळी नवा कप उलटसुलट करून बघायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "सरजी, इसमें चाय डालूँ कि डीज़ल?"

"चाय. ऊपर तक भरो."

मग सर खुर्चीवर बसायचे, उजवा हात मुद्दाम थरथर हलवायचे आणि तसाच कप तोंडाला लावायचे. चहा सदऱ्यावर सांडला की आनंदाने ओरडायचे, "नापास! बिल्कुल नापास!" सत्तरीच्या माणसाला सदरा भिजल्याचा एवढा आनंद होताना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. त्यांचे सगळे पांढरे सदरे छातीवर फिकट तपकिरी झाले होते.

"बुड्ढा सठिया गया है यार," माझ्या वर्गातला मल्होत्रा म्हणायचा. मल्होत्रा दिल्लीचा. त्याला सगळ्याच गोष्टींचं निदान लगेच करता यायचं.

मी तांबोळी, परंड्याची. अब्बांची एस.टी. स्टँडवर पानाची टपरी, अम्मी घरी शिवणकाम करते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी देशपातळीवरच्या परीक्षेत बरे गुण मिळवले आणि थेट फरीदाबादच्या कॉलेजात येऊन पडले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे कोर्सचं नाव मी अब्बांना फोनवर तीनदा सांगितलं, तरी त्यांना ते नीट कळलं नाही. कोर्स इंजिनिअरिंगचाच होता, पण चार वर्षांच्या शेवटी मोटार किंवा पूल नव्हे, तर जगाचा एखादा मोठा प्रश्न सोडवायचा होता. स्वच्छ पाणी, आरोग्य, अन्न, ऊर्जा अशी एक यादीच भिंतीवर लावलेली होती, आणि शेजारी निळ्या गोळ्याचं चित्र.

"म्हणजे नोकरी कसली?" अब्बांनी विचारलं होतं.

"जगाचे प्रश्न सोडवायची."

"सरकारी आहे का?" अब्बा म्हणाले.

होस्टेलमधली दुसऱ्या शाखांची मुलं आम्हाला 'दुनियावाले' म्हणायची. "ओ दुनियावालों, पहले हॉस्टल का गीज़र तो ठीक कर दो!" गीझर आम्हाला चार वर्षांत दुरुस्त करता आला नाही, हेही खरंच.

या दुनियावाल्यांना प्रत्यक्ष कामाचे धडे द्यायला कॉलेजने साळवे सरांना बोलावलं होतं. सर मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या खात्यात नद्यांचं पाणी मोजण्यात त्यांची सारी नोकरी सरली होती. आसामपासून ओडिशापर्यंत कुठली नदी कुठल्या महिन्यात कशी वागते, हे ते घरच्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलायचे. निवृत्त होऊन फरीदाबादच्या एका सेक्टरमध्ये राहत होते. आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर त्यांची सही लागायची. सही नाही, तर डिग्री नाही.

पहिल्याच तासाला मल्होत्राने पडद्यावर मोठं चित्र लावलं. भेगाळलेली जमीन, रिकामी घागर. "सर, मेरी प्रॉब्लम है पानी की कमी."

"किसकी?" सर म्हणाले.

"सर, दुनिया की."

"अच्छा. दुनिया चाय में चीनी कितनी लेती है?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्या हातचा फॉर्म होता तो. त्यावर चारच रकाने होते. नाव, पत्ता, चहात साखर किती, आणि वस्तू चालली का.

"हे भरून आणायचं," असं त्यांनी हिंदीत सगळ्यांना समजावलं. "प्रश्न असतो तिथे माणूस असतो. त्याच्याकडे एवढा वेळ बसा की तो चहा विचारेल. साखर किती ते माहीत नाही, म्हणजे तुम्ही बसलाच नाहीत. दारातूनच फोटो काढून परत आलात."

दुसरा नियम त्याहून कठीण होता. जी वस्तू बनवाल ती आधी आठ दिवस स्वतः वापरायची. वर्गातल्या हरप्रीतने कमी धुराची चूल बनवली, तर तिला आठ दिवस होस्टेलच्या गच्चीवर त्याच चुलीवर स्वयंपाक करून जेवायला लावलं. पाचव्या दिवशी सर तिच्याजवळ गेले, ओढणीचा वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बेटा, कम धुआँ ठीक है. पर तुमसे तो मेस के राजमे की खुशबू आ रही है." हरप्रीतने मुकाट्याने आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

मल्होत्राने पाण्याचा फिल्टर केला. तो आठ दिवस तेच पाणी पिणार, हे ठरलंच होतं. पण सर म्हणाले, "अकेले क्यों पियोगे? मैं भी पिऊँगा." तिसऱ्या दिवशी दोघेही कॉलेजला आले नाहीत. चौथ्या दिवशी सर काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, "नापास!" त्यानंतर मल्होत्राने त्यांना बुड्ढा म्हणणं सोडलं.

माझं मात्र गाडं पहिल्या रकान्यातच अडकलं होतं. मी 'महिलांचं आरोग्य' म्हणून गेले. "कोणाचं?" सर मराठीत म्हणाले. माझ्याशी ते मराठीत बोलायचे, आणि खरं सांगते, तेवढ्यासाठीसुद्धा मी त्यांच्यापुढे जाऊन नापास व्हायला तयार असायचे. मग मी अम्मीचं नाव नेलं, शिवून शिवून तिची पाठ धरते म्हणून.

"साखर?"

"दीड चमचा," मी धडाधड म्हणाले.

"हे उत्तम. पण तांबोळी, आई परंड्यात, तू फरीदाबादेत. वस्तू चालते की नाही ते फोनवरून बघणार? अगं, आई तर 'छान आहे' म्हणणारच. तुझ्या आईइतका खोटा साक्षीदार जगात मिळायचा नाही. चलो, दुसरं माणूस शोध."

दिवाळी गेली, थंडी सुरू झाली. सगळ्यांच्या फॉर्मवर नावं आली. माझा कोरा. नोएडातल्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती, पण डिग्री हातात असली तरच. अब्बांनी पदवीदानाला येण्यासाठी रेल्वेच्या चौकशा आतापासून सुरू केल्या होत्या. आगगाडीत इतक्या लांब ते कधी गेले नव्हते.

त्या सुमारास एका दुपारी सर आपली मफलर आणि कप, दोन्ही वर्गात विसरून एका बैठकीला निघून गेले. मी दोन्ही पिशवीत घालून त्यांच्या घरी द्यायला गेले. बेल वाजवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग आतून कडी वाजायला लागली. वाजतच राहिली. कुणीतरी ती काढू बघत होतं आणि ती हातातून निसटत होती.

दार उघडलं ते सुशीलाकाकूंनी, सरांच्या पत्नीने. बारीक चणीच्या, पांढरा अंबाडा, आणि दोन्ही हात थरथरत होते.

"तांबोळी ना तू? ये ये. परंड्याची. हा सांगतो ना घरी. बस."

मी पिशवीतून कप काढून टेबलावर ठेवला. काकू त्याच्याकडे बघून हसल्या. "विसरला वाटतं? ठेव तिकडे, त्याच्या भावंडांत."

भिंतीवरच्या फळीवर कप ओळीने मांडलेले होते. नटवाला, चोचवाला, कडीतला, एक रबराचा, एक झाकणात नळी असलेला. आजचा धरून अकरा.

"हे सगळे माझ्यासाठी," काकू म्हणाल्या. "आधी हा आठ दिवस स्वतः पितो. मग मला देतो. मग मी सांडते. मग नापास."

मला कँटीनमधला त्यांचा थरथरणारा हात आठवला, आणि आम्ही सगळे किती हसायचो तेही. मी उठून चहा केला. काकूंनी घेतला नाही. "मी दुपारी नाही घेत," त्या म्हणाल्या. त्यांची नजर मात्र माझ्या कपाबरोबर वर-खाली होत होती.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म नेऊन सरांपुढे ठेवला. नाव, सुशीला साळवे. पत्ता त्यांचाच. या वेळी सरांनी "कोणाचं?" विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"साखर?"

"अर्धा चमचा, काकू म्हणाल्या."

"बरोबर आहे. अर्धाच देतो मी. तिला साखर बरी नाही." मग फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, "अकरा वेळा नापास झालोय मी, तांबोळी. विचार करून घे."

मी रोज दुपारी काकूंकडे जाऊ लागले. सर तेव्हा कॉलेजात असायचे. काकू बोलायच्या आणि मी त्यांचे हात बघायचे. आठवड्याभराने एक गोष्ट दिसली. मोकळा असताना हात खूप थरथरायचा, पण भाजी निवडताना काकू कोपर टेबलाच्या कडेला रेटून धरायच्या, तेव्हा जरा शांत व्हायचा. हे मी पाहिलेलं होतं. अम्मी काज करताना, सुईत दोरा ओवताना, कोपर मशीनच्या फळीवर टेकवते. अधांतरी हाताने तिने कधी सुई ओवलेली नाही.

म्हणजे कपाचा काही दोषच नव्हता. मी कप केलाच नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लाकडाची एक ठेंगणी घोडी बनवली, टेबलाच्या कडेला पकडीने घट्ट बसणारी. वर कोपरापासून मनगटापर्यंत हात राहील अशी खोबण, आणि तिच्यात अम्मीने पाठवलेली कापसाची गादी. तिच्यावर हात टेकवायचा, साधा कप धरायचा, मान थोडी पुढे करायची. बस.

आठ दिवस मेसमध्ये मी त्या घोडीवरच चहा प्यायले. माझा हात थरथरत नाही, ही अडचण होती. तेव्हा मल्होत्रा रोज शेजारी बसून माझा खांदा गदागदा हलवायचा. हे काम त्याने इतकं मनापासून केलं, की पहिल्या दिवशी समोर बसलेली हरप्रीत दोनदा आंघोळ करून आली.

मग घोडी काकूंच्या टेबलावर बसवली. पहिल्या दुपारी मी चहा ठेवला. काकूंनी हात खोबणीत टेकवला, कप उचलला. हात थरथरला, पण थोडा. मान पुढे झाली. एक घोट. दुसरा. चहा संपल्यावर कप खाली ठेवून म्हणाल्या, "अजून कर. आणि ऐक, साखर दोन चमचे घाल. हा अर्ध्या चमच्याचा चहा म्हणजे पोस्टाचं पाकीट चिकटवायचं पाणी."

सहा दुपारी त्या स्वतःच्या हाताने चहा प्यायल्या. एक थेंब सांडला नाही. सातवा दिवस रविवार होता. त्या दिवशी सकाळी सरांसमोर शेवटची चाचणी. मी फॉर्म घेऊन नऊ वाजता हजर झाले. सरांनी अर्ध्या चमच्याचा चहा केला आणि हाताची घडी घालून समोर उभे राहिले. काकूंनी हात खोबणीत टेकवला, कप उचलला, आणि अर्ध्या वाटेत सगळा चहा टेबलावर ओतला.

"नापास!" सर ओरडले.

मी पुढे झाले. "काकू, अहो, काल तर..."

काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. सर आतून फडकं घेऊन आले, टेबल पुसलं, काकूंचा हात पुसला, एकेक बोट. मग दुसरा चहा आणला, खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. चहा बशीत ओतला, फुंकर मारली, बशी त्यांच्या ओठांशी धरली. मधे मधे वर्तमानपत्रातलं वाचून दाखवत होते. कुठे पूल पडला होता. "नदीला न विचारता बांधला असणार," सर म्हणाले, आणि काकू हसल्या. थोडा चहा हनुवटीवरून ओघळला तो सरांनी आपल्या बाहीने टिपला. मी तिथे आहे हे दोघेही विसरले होते.

सर अंघोळीला गेले, तशा काकूंनी मला जवळ बोलावलं.

"रागावलीस?"

मी फॉर्मची घडी घालत राहिले.

"अगं, छत्तीस वर्षं हा नदीवर होता. मी दिल्लीत, क्वार्टरमध्ये, दोन मुलं घेऊन. पावसाळ्यात तर चार चार महिने तोंड दिसायचं नाही. रिटायर झाला तेव्हा वाटलं, आता बसेल शेजारी. तर हा सकाळी पेपर घेऊन गॅलरीत, आणि मग फरीदाबादभर. हे हात असे झाले आणि तेव्हापासून रोज सकाळी पंधरा मिनिटं बसतो बघ माझ्याजवळ. कप चालला, की गेला गॅलरीत."

"मग ते सगळे कप?"

"तो कडीवाला बरा होता," काकू म्हणाल्या. "आणि नळीचा तर अगदी छान. मी सांडला."

न्हाणीघरातलं पाणी बंद झालं. काकू घाईने म्हणाल्या, "तुझी घोडी नेऊ नकोस. दुपारचा चहा चार वर्षांनी मिळालाय मला. पण सकाळी ती बिघडलेली असते हं. एवढं लक्षात ठेव."

होस्टेलवर परतताना रिक्षात मी तो कागद मांडीवर धरून बसले होते. चौथ्या रकान्यात 'चालली' लिहिलं तर काकूंची सकाळ जाणार होती. 'नाही चालली' लिहिलं तर ते खोटं, आणि माझी डिग्रीही जाणार. त्याच दिवशी अब्बांचा फोन आला. तिकिटं निघाली होती, दोघांची. अम्मीने नवी साडी घेतली होती. "सही झाली का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या होईल.

सोमवारी मी सरांच्या टेबलावर फॉर्म ठेवला. खोटं लिहिणं मला जमलं नव्हतं आणि खरंही लिहवलं नव्हतं. चौथा रकाना कोरा होता. तिसरा तेवढा मी प्रामाणिकपणे भरला होता. साखर किती, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनीच मला शिकवला होता.

सर वाचू लागले. नाव. पत्ता. मग तिसऱ्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं.

'सकाळी अर्धा चमचा. दुपारी दोन.'

"दुपारी?" सर म्हणाले.

मी खाली बघत उभी राहिले. बाहेर बन्सीलाल कुणावर तरी ओरडत होते. सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं.

"दोन चमचे," ते स्वतःशीच म्हणाले. "लबाड."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या रकान्यात सावकाश, नद्यांच्या नोंदी लिहीत असतील तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'दुपारी उत्तम चालते. सकाळी चालत नाही. दुरुस्ती करू नये.'

खाली सही केली. फॉर्म माझ्या हातात दिला आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी दिसलंच नाही असं दाखवत खुर्चीखालची पिशवी उचलली. तिच्यातून त्यांनी एक नवाच कप काढला. त्याला तीन कान होते, बुडाला छोटी चाकं होती, आणि तो टेबलावर ठेवताच हळूच घरंगळायला लागला.

"बारावा," सर त्याला पकडत म्हणाले. "कसा वाटतो?"

"सर, हा तर बिल्कुल नापास होणार."

"होणारच," सर म्हणाले, आणि कप घेऊन खुशीत बन्सीलालकडे निघाले.